ओहमचे दुसरे मोजमाप

जर्मनीतील एर्लांगेन या नगरात कुलुपे करणारा एक कारागीर राहत असे. त्याचे नाव योहान ओहम. विद्यालयातील शिक्षण त्याच्या वाट्याला आले नव्हते. पण आपला धंदा सांभाळून त्याने गणित, पदार्थविज्ञान आणि तत्त्वज्ञान या विषयांचा स्वतःच अभ्यास केला होता. १६ मार्च १७८९ रोजी त्याच्या घरी गेओर्गचा जन्म झाला. सात भावंडांपैकी तिघेच जगली. गेओर्ग दहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. पुढे मुलांचा सांभाळ आणि त्यांचे अध्यापन अशी दोन्ही कामे बापानेच केली. थोरला गेओर्ग आणि धाकटा मार्टिन हे दोघेही पुढे विद्वान म्हणून नावारूपास आले, याचे श्रेय त्या कारागिराकडे जाते.

१८०५ साली गेओर्ग विद्यापीठात दाखल झाला. तेथे मात्र त्याचे मन पुस्तकांपेक्षा नृत्य, बर्फावरील घसरण्याचे खेळ आणि बिलियर्ड यांतच अधिक रमले. हे पाहून बाप संतापला. त्याने मुलाला विद्यापीठातून काढले आणि तो स्वित्झर्लंडला रवाना झाला. तेथे एका शाळेत गणित शिकवता शिकवता गेओर्गला अभ्यासाची खरी गोडी लागली. १८११ साली तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरची पदवी मिळवली. त्यानंतर काही वर्षे त्याने लहानसहान नोकऱ्या केल्या आणि १८१७ साली कोलोन येथील विद्यालयात तो गणित व पदार्थविज्ञान यांचा शिक्षक झाला. या विद्यालयात चांगली प्रयोगशाळा होती. उपकरणे हाताळण्याचे कसब तर त्याने वडिलांच्या कारखान्यातच उचलले होते.

त्या काळी विजेचे शास्त्र बाल्यावस्थेत होते. व्होल्टाने १८०० साली विद्युत्घट तयार केला होता. विजेच्या तारेजवळ चुंबकसूची धरली असता ती वळते, हे अर्स्टेडने १८२० साली दाखवले. अर्थात सूची किती वळली हे पाहून प्रवाह किती आहे हे ताडता येऊ लागले. ओहमने स्वतःपुढे एक साधा प्रश्न ठेवला. तार लांब होत गेली, तर प्रवाह कोणत्या प्रमाणात कमी होत जातो?

१८२५ साली त्याने निरनिराळ्या लांबीच्या तारा घेऊन प्रयोग केले, आकड्यांवरून एक सूत्र बसवले आणि ते प्रसिद्धही केले. ते सूत्र चुकीचे होते. त्याने मोजण्यात हयगय केली होती असे नव्हे. दोष होता घटात. घटाला तार जोडताच सूची झपकन वळे, पण लगेच मागे येऊ लागे; थोडी विश्रांती दिली की घटाची शक्ती पुन्हा वाढे. त्यामुळे पहिली तार एका जोराने मोजली जाई आणि दुसरी निराळ्याच जोराने. ज्या मापाने धान्य मोजायचे ते मापच घटकेघटकेला लहानमोठे होत असेल, तर मोजणारा कितीही दक्ष असून काय उपयोग?

एकदा छापून गेलेल्या मताला धरून बसणारे विद्वान थोडे नसतात. ओहमने ते केले नाही. घटाच्या या लहरीपणाने त्याचे समाधान होईना. पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने, जो एका प्रसिद्ध विज्ञानविषयक नियतकालिकाचा संपादक होता, त्याला एक उपाय सुचवला. दोन भिन्न धातू जोडून त्यांचा एक सांधा तापवला व दुसरा थंड ठेवला की वीज वाहू लागते, असा शोध सेबेक याने १८२१ साली लावला होता. ही वीज दुबळी असली तरी सांध्यांच्या तापमानांतील फरक कायम असेतोवर तिचा जोर कायम राहतो.

ओहमने बिस्मथची कांब घेतली आणि तिच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या जोडल्या. एक सांधा त्याने उकळत्या पाण्यात ठेवला व दुसरा बर्फात. वर एक चुंबकसूची टांगली. सूची वळली की तिला पूर्वस्थितीत आणण्यास टांगणीला किती पीळ द्यावा लागतो, ते तो मोजी. सारख्याच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा त्याने निवडल्या. त्यांत सर्वांत आखूड तार २ इंचांची होती आणि सर्वांत लांब १३० इंचांची.

जानेवारी १८२६ मधील एका मोजणीत २ इंचांच्या तारेला ३२६¾, ३४ इंचांच्या तारेला १३४½ आणि १३० इंचांच्या तारेला ४८½ असे आकडे आले. या आकड्यांत दडलेला नियम असा होता : तारेच्या लांबीत २०¼ मिळवावे आणि त्या बेरजेने ७२८५ या संख्येला भागावे. हे कोणत्याही विद्यार्थ्याला ताडून पाहता येईल. ३४ आणि २०¼ मिळून ५४¼ होतात. भागाकार येतो सुमारे १३४¼. प्रत्यक्षात मोजलेला आकडा होता १३४½. ६६ इंचांच्या तारेला मात्र हिशेबाने सुमारे ८४½ येतात आणि मोजणीत ८३¼ आले होते. हा फरकही त्याने झाकला नाही; तक्ता होता तसाच छापला.

यातील २०¼ ही संख्या कशाची? वीज केवळ त्या तारेतूनच वाहत नव्हती. बिस्मथची कांब, पट्ट्या, सांधे यांतूनही तिला वाट काढावी लागे. या सर्वांचा अडथळा २०¼ इंच तारेइतका होता. आणि ७२८५ ही संख्या विजेला वाहवणाऱ्या जोराची. हा अर्थ बरोबर असेल, तर सांध्यांच्या तापमानांतील फरक घटवल्यावर पहिली संख्या तशीच राहिली पाहिजे आणि दुसरी तेवढी उतरली पाहिजे. ओहमने तोही प्रयोग केला. झाले अगदी तसेच! सर्व प्रयोगांतील हा प्रयोग आम्हा सर्वांना विशेष मोलाचा वाटावा. कारण येथे त्याने आकड्यांवरून नियम बसवला नाही, तर नियमालाच परीक्षेस बसवले.

१८२६ मध्ये त्याने नवा नियम प्रसिद्ध केला आणि १८२७ साली विद्युत्मंडलावरील त्याचा ग्रंथ बर्लिन येथे निघाला. जोर जितका अधिक तितका प्रवाह अधिक, अडथळा जितका अधिक तितका प्रवाह कमी. आज शाळेत शिकवला जाणारा ओहमचा नियम तो हाच. मायदेशी मात्र या ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले. काही पंडितांनी तर त्याच्यावर कठोर टीका केली. खिन्न होऊन त्याने कोलोनची नोकरी सोडली व काही वर्षे अल्प वेतनावर काढली. १८३३ साली न्यूरेंबर्ग येथील तंत्रशाळेत त्याला जागा मिळाली. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. १८४५ साली किरखॉफ नावाच्या विद्यार्थ्याने ओहमच्या नियमाच्या आधारे, अनेक फाटे असलेल्या मंडलांसाठी दोन नियम सांगितले : सांध्यात जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर पडतो, आणि कोणत्याही बंद वाटेने एक फेरी पूर्ण केली की विभवातील चढउतारांची बेरीज शून्य येते. मंडलाचे उदाहरण सोडवून झाल्यावर आपले उत्तर या दोन नियमांत बसते की नाही, हे विद्यार्थी आजही पाहतात.

तारुण्यापासून ज्या पदाची इच्छा ओहमने बाळगली होती, ते विद्यापीठातील प्राध्यापकपद त्याला म्युनिक येथे १८५२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी मिळाले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, तो मरण पावला.

१८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत्परिषदेने रोधाच्या एककाला ओहमचे नाव दिले. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या पाऱ्याच्या स्तंभावरून ते ठरवायचे होते. पण स्तंभाची लांबी किती असावी, हे प्रयोगांवर सोपवले गेले. १८८४ साली ती १०६ सेंटिमीटर ठरली. मोजणी पुन्हा झाली आणि १८९३ साली ती १०६·३ सेंटिमीटर करण्यात आली.