संत सोयराबाई

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला दुसरे नाव सुचलेच नाही. सोयराबाईंचे माझ्यावर एक ऋण आहे. ते कोणते, हे शेवटी सांगते.

सोयराबाई चौदाव्या शतकातल्या. संत चोखामेळा यांच्या त्या पत्नी. मंगळवेढ्याच्या महारवाड्यात त्यांचा संसार झाला. त्यांचे बंधू बंका यांना चोखोबांची बहीण निर्मळा दिलेली होती; म्हणजे दोन्ही घरांचे साटेलोटे. मेलेली गुरे ओढावी, उष्टेशिळे मिळेल ते खावे, अशी त्या घराची स्थिती. तरीही ही चारही माणसे अभंग रचीत आणि पुढे सोयराबाईंचा मुलगा कर्ममेळा हाही रचू लागला. सोयराबाईंचे साठेक अभंग आज आपल्याला उपलब्ध आहेत. त्यांतल्या कित्येकांत त्या स्वतःचे नाव घालीत नाहीत. आपण चोखोबांची बायको आणि जातीने महार, एवढीच ओळख देतात.

पंढरीच्या देवळाची पायरी चढण्याची या घराला बंदी होती. दर्शन घ्यायचे ते दुरून.

त्यांना पुष्कळ दिवस मूलबाळ नव्हते. त्याबद्दल त्यांनी पांडुरंगाशी भांडणही मांडले. पुढे दिवस राहिले. परंपरा असे सांगते, की बाळंतपणाच्या वेळी चोखोबा बहिणीच्या गावी गेले होते आणि घरी दुसरे कोणी नव्हते. तेव्हा पांडुरंग निर्मळेचे रूप घेऊन आला आणि नणंद होऊन त्याने सोयराबाईंचे बाळंतपण केले. दहा दिवस सोयर पाळणाऱ्या आपल्या समाजाने ही कथा भक्तिभावाने जपली, पण तिचा अर्थ मात्र घेतला नाही. ज्या रक्ताला आपण भितो, त्यात देवाने हात घातले आणि देव बाटला नाही!

हाच विचार सोयराबाईंच्या विटाळावरच्या प्रसिद्ध अभंगात आहे. त्याचा भावार्थ असा, की तुम्ही ज्याला विटाळ म्हणता तो शरीराचाच आहे आणि त्याच्यावाचून जगात कोणाचेही शरीर घडलेले नाही. मग सोवळे म्हणून मिरवणारा आला कोठून? आत्मा तर मुळातच निर्मळ आहे.

इथे एक गोष्ट विसरू नये. आपल्यापैकी ज्या बाजूला बसल्या, त्या चौथ्या दिवशी न्हाऊन मोकळ्या झाल्या. सोयराबाईंना चौथा दिवस कधी उगवलाच नाही. जन्मभर त्यांची सावलीसुद्धा लोकांना नको होती. म्हणून त्यांच्या शब्दाला जे वजन आहे, ते आपल्या शब्दाला येणार नाही.

1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. म्हणजे मेल्यावरही ते दाराबाहेरच राहिले. ते दार उघडावे म्हणून मे 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. मधे सहाशे वर्षे गेली होती.

आता माझ्या ऋणाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आषाढी एकादशीच्या भजनाला आपल्यातली एक नवी सून टाळ घेऊन बसली होती. तिला कावळा शिवल्याचे माझ्या कानावर आले. मी सर्वांदेखत तिच्या हातातून टाळ काढून घेतला आणि तिला बाहेरच्या पायरीवर बसवले. शेवटी भैरवी सुरू झाली. ती आपण नेहमी म्हणतो ती, सोयराबाईंचीच, मी आणि तू हा भेद मिटल्याची. बाहेरून त्या मुलीचाही सूर येऊ लागला. माझा आवाज मात्र फुटेना. सोयराबाईंना जिथे उभे केले होते, तिथेच मी तिला बसवले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले, माझे चुकले म्हणाले आणि टाळ तिच्या हाती दिला.

हा विषय मंडळात अजून उघडपणे निघालेला नाही. सगळ्यांना पटेल असेही नाही. ज्यांना पाळावेसे वाटते त्यांनी आपल्यापुरते खुशाल पाळावे. जिचे पोट दुखते, तिने घरी विसावा घ्यावा. पण भजनाला आलेल्या बाईला कोणी काही विचारू नये आणि कोणी उठवू नये, एवढे तरी या वर्धापनदिनी आपण ठरवू या. सोयराबाईंचे अभंग म्हणण्याचा हक्क आपल्याला तेवढ्यानेच लाभेल.