केडगावच्या छापखान्यात झालेलं रमाबाईंचं बायबल

केडगाव (ता. दौंड) : पुणे-दौंड रेल्वेवरचं केडगाव स्टेशन सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या मुक्ती मिशनचं नावही ऐकलेलं असतं. पण पंडिता रमाबाईंनी शेवटची सतरा-अठरा वर्षं इथं कोणत्या कामात घातली, हे फार जणांना ठाऊक नसतं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं, आईने ते लेकीला दिलं. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. रमाबाई भावासोबत पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं. पुढं लग्न, दोन वर्षांतच वैधव्य, पदरात मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या. त्यावरून पुण्यात उठलेला गदारोळ पुष्कळांनी लिहिलाय, तो इथं नको.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी पोरी, विधवा आणल्या आणि केडगावच्या माळावर वसवल्या. विहिरी खणल्या, शेती केली. १९०० च्या दुष्काळात गुजरातच्या पोरी आल्या. या पोरींना आधी मुळाक्षरं, मग वाचन. मिशनमध्ये रोज बायबल वाचून त्यावर प्रार्थना व्हायची. १९०५ मध्ये तर शेकडो जणी मिळून प्रार्थनेला बसायच्या.

अडचण पुस्तकाचीच होती. तेव्हाच्या मराठी बायबलात जड संस्कृत शब्द. बाईंना ते सहज कळत, पण काल अक्षर शिकलेली पोरगी अडखळायची. अर्थच लागला नाही तर मनात घोळवणार काय?

म्हणून साधारण १९०५ पासून रमाबाईंनी स्वतःच भाषांतर हाती घेतलं. मूळ ग्रंथाच्या हिब्रू आणि ग्रीक भाषा पन्नाशीच्या आसपास नेटाने अभ्यासल्या. संस्कृतवर एवढी हुकमत असलेली बाई, आणि वर्षानुवर्षं एकेक अवघड शब्द काढून घरातला साधा शब्द शोधत बसली! पदवीपेक्षा हे काम मोठं वाटतं. हे सगळं मिशनचा पसारा सांभाळून, आणि कानाने कमी ऐकू येत असताना.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. मिशन तिच्याच हाती द्यायचं ठरलं होतं. एकुलती लेक गेल्यावर म्हातारीने हात टेकले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. रमाबाई मात्र आजारपणातही प्रुफं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच त्यांनी प्राण सोडला.

पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ते मिशनच्याच छापखान्यात छापलं गेलं. खिळे जुळवायला आणि छपाईच्या कामाला दुष्काळातून आलेल्या त्याच पोरी होत्या, आता बाया झालेल्या.