जॅझला चेहरा देणारा श्रोता नसलेला कलावंत : रीड माइल्स

न्यूयॉर्कमधील ‘ब्लू नोट’ या कंपनीच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आज हाती घेतल्या, तर त्यांतील संगीत कानी पडण्यापूर्वीच त्याची जात ओळखता येते. कृष्णधवल छायाचित्र, त्यावर पसरलेली एखाद्याच रंगाची छटा, आणि वाद्याच्या ठेक्यावर नाचल्यासारखी ठळक अक्षरे. जॅझ म्हटले की जगभरच्या रसिकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, त्याचा मोठा भाग एका माणसाने घडवला. त्याचे नाव रीड माइल्स. विलक्षण गोष्ट अशी की, या माणसाला जॅझची फारशी आवड नव्हती.

माइल्स यांचा जन्म 4 जुलै 1927 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, शिकागो येथे झाला. 1929 मध्ये शेअर बाजार कोसळला, आईवडील विभक्त झाले आणि लहानग्या रीडला घेऊन आई कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे राहावयास गेली. शालेय शिक्षणानंतर त्यांनी काही काळ नौदलात नोकरी केली. तेथून बाहेर पडल्यावर लॉस एंजेलिसच्या शुईनार्ड कलासंस्थेत त्यांनी प्रवेश घेतला. पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी ते न्यूयॉर्कला आले. तेथे जॉन हर्मनसेडर या संकल्पनकाराकडे आणि ‘एस्क्वायर’ या मासिकासाठी ते काम करू लागले. पानावर अक्षरे कोठे बसवावीत, छायाचित्र कोठे कापावे आणि कोरी जागा किती राखावी, ही नजर मासिकाच्या कामात तयार होते. पुढे तीच त्यांच्या उपयोगी पडली.

त्या काळी ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन ही कलाच मुळी तरुण होती. 1940 च्या सुमारास कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी चित्रमय वेष्टनाची प्रथा रुजवण्यापूर्वी बहुतेक तबकड्या साध्या कागदी पिशव्यांत वा एकरंगी पुठ्ठ्यांत विकल्या जात. 1948 मध्ये लाँग प्ले तबकडी आली. तिच्या बारा इंची आकारामुळे संकल्पनकाराला हातभर रुंदीची एक चौकोनी भिंतच मिळाली. दुकानातल्या गिऱ्हाइकाला संगीत ऐकण्याआधी दिसे ती ही भिंत. हे वादन कोणत्या जातीचे आणि वाजवणारा कोण, हे तिनेच सांगावयाचे असे.

ब्लू नोटची स्थापना 1939 मध्ये झाली होती. तिचे संस्थापक आल्फ्रेड लायन आणि त्यांचे बालमित्र फ्रान्सिस वुल्फ हे दोघेही बर्लिनहून अमेरिकेत आलेले. ध्वनिमुद्रण चालू असताना वुल्फ स्वतः कॅमेरा घेऊन वादकांभोवती वावरत. घामाने निथळलेला चेहरा, मिटलेले डोळे, सिगारेटच्या धुरात हरवलेली बोटे असे क्षण ते टिपत. 1955 च्या सुमारास कंपनी बारा इंची तबकड्या काढू लागली, तेव्हा वुल्फ यांनी वेष्टनांसाठी माइल्स यांना बोलावले. पुढील सुमारे बारा वर्षांत माइल्स यांनी ब्लू नोटसाठी काही शेकडा वेष्टने घडवली. एका वेष्टनाचा मोबदला असे सुमारे पन्नास डॉलर.

माइल्स यांचा जीव पाश्चात्त्य अभिजात संगीतात रमे. कंपनीकडून मिळालेल्या जॅझच्या तबकड्या ते मित्रांना देऊन टाकत किंवा जुन्या तबकड्यांच्या दुकानात विकत. मग न ऐकलेल्या संगीताला त्यांनी रूप कसे दिले? लायन त्यांना ध्वनिमुद्रणाचे वर्णन करून सांगत. वादन कसे झाले, त्यात आवेश होता की उदासी, वादकाच्या मनात काय होते, हे सारे माइल्स लक्षपूर्वक ऐकत. या वर्णनातून, तबकडीच्या नावातून आणि वुल्फ यांच्या छायाचित्रांतून ते वेष्टन उभे करीत. संगीताच्या प्रेमात नसल्यामुळे वादकाच्या कीर्तीचे दडपण त्यांच्यावर येत नसावे. त्यांच्यापुढे असे ते एक नाव, एक मनःस्थिती आणि एक चौकोन.

अडचणी होत्याच. छोट्या कंपनीपाशी पैसा बेताचा, म्हणून छपाई पुष्कळदा एकदोन रंगांतच करावी लागे. माइल्स यांनी या टंचाईचीच शैली केली. जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘ब्लू ट्रेन’वर विचारात गढलेला वादक निळ्या छटेत बुडून गेला आहे, नाव, रंग आणि मनःस्थिती तेथे एकरूप झाली आहेत. फ्रेडी हबर्ड यांच्या ‘हब-टोन्स’वर पियानोच्या पट्ट्यांसारख्या उभ्या पट्ट्यांची रांग आहे आणि त्यांतली एकच जागेवरून सरकलेली आहे. जॅकी मॅक्लीन यांच्या ‘इट्स टाइम’वर उद्गारचिन्हांच्या ओळींवर ओळी उभ्या आहेत आणि वादकाचे छायाचित्र आहे ते चिमुकले. केनी बरेल यांच्या तबकड्यांसाठी त्यांनी रेखाटने करून घेतली ती अँडी वॉरहॉल यांच्याकडून. वॉरहॉल यांना जागतिक कीर्ती मिळाली ती त्यानंतर.

वुल्फ यांच्याशी त्यांचे मतभेदही होत. छायाचित्र निर्दयपणे कापून वादकाचे कपाळच वगळण्यास माइल्स कचरत नसत, आणि आपल्या छायाचित्राची ही गत वुल्फ यांना रुचत नसे. तरी दोघांच्या कामाला जोड मिळाली ती याच ओढाताणीतून. छायाचित्रकाराला माणूस दिसे, संकल्पनकाराला आकृती. ज्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला अनेक ठिकाणी समान वागणूक नाकारली जात होती, त्या काळात या वेष्टनांवर कृष्णवर्णीय वादक आपल्या कामात तल्लीन झालेला, गंभीर, विचारी कलावंत म्हणून समोर येत होता. गिऱ्हाइकाला ते चित्र संगीताची जात सांगे, आणि त्याचबरोबर वाजवणाऱ्याची प्रतिष्ठाही.

एरिक डॉल्फी यांच्या ‘आउट टू लंच’चे वेष्टन तर आज पाहवत नाही. दुकानाच्या दारावर टांगतात तशी, मालक परत येणार असल्याचे सांगणारी पाटी तिच्यावर आहे. पाटीवरच्या घड्याळाला काटे अनेक आणि प्रत्येकाची दिशा वेगळी, त्यामुळे परतण्याची वेळ काही कळत नाही. मुळात हा त्या संगीताच्या चकवणाऱ्या लयीशी केलेला खेळ होता. परंतु 1964 च्या जून महिन्यात डॉल्फी बर्लिनमध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, निवर्तले. तबकडी बाजारात आली ती त्यांच्या पश्चात. खेळ म्हणून टांगलेली पाटी अशी शोकाची खूण झाली.

साठच्या दशकाच्या मध्यात ब्लू नोट दुसऱ्या कंपनीच्या मालकीची झाली. 1967 मध्ये लायन निवृत्त झाले आणि त्याच सुमारास माइल्स यांचाही तेथील काळ संपला. पुढे लॉस एंजेलिसमध्ये ते स्वतःच छायाचित्रकार म्हणून नावारूपास आले. नॉर्मन रॉकवेल यांच्या चित्रांची आठवण व्हावी अशी, माणसांनी गजबजलेली, नाटकी मांडणीची छायाचित्रे ते जाहिरातींसाठी काढीत. बॉब डिलन यांच्या ‘द बेसमेंट टेप्स’ या 1975 च्या तबकडीवरील छायाचित्रही त्यांचेच. जॅझच्या वेष्टनांतील कोरी जागा आणि ही खच्चून भरलेली दृश्ये एकाच हातची आहेत, हे सांगूनही पटू नये.

2 फेब्रुवारी 1993 रोजी माइल्स यांचे निधन झाले. त्याआधी दोन वर्षे, 1991 मध्ये, ब्लू नोटच्या वेष्टनांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला होता. पन्नास डॉलरचे काम आता कलेच्या पुस्तकांत जमा झाले होते. पुढे सीडी आली आणि बारा इंचांचा चौकोन पाच इंचांच्या आत आला. आता फोनच्या पडद्यावर तो अंगठ्याच्या नखाएवढा उरला आहे. अनेक गजबजलेली चित्रे या आकसण्यात पुसट झाली. माइल्स यांनी मात्र एक रंग, एक चेहरा आणि चार शब्द एवढ्यावरच भिस्त ठेवली होती. म्हणून त्या नखाएवढ्या चौकोनातही त्यांचे काम ओळखू येते, आणि ज्या संगीताला त्यांनी घरात जागा दिली नाही, त्या संगीताची ओळख अजूनही त्यांच्याच हाताने करून दिली जाते.