तबकडीचा जनक : एमिल बर्लिनर

कर्ण्यासमोर बसून तन्मयतेने गाणे ऐकणाऱ्या कुत्र्याचे चित्र आपण जुन्या ध्वनिमुद्रिकांवर पाहिले असेल. त्या तबकडीमागे ज्याची प्रतिभा उभी होती, त्याचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

एमिल बर्लिनरचा जन्म १८५१ साली जर्मनीतील हॅनोवर येथे झाला. चौदाव्या वर्षीच त्याचे शालेय शिक्षण संपले. १८७० साली तो अमेरिकेस गेला, आणि कापडाच्या दुकानात नोकरी करीत फावल्या वेळात त्याने विज्ञानाचा अभ्यास चालविला.

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ शोधून काढला होता. परंतु त्यात ध्वनी नळकांड्यावर उमटत असे व त्याच्या पुष्कळ प्रती काढणे दुष्कर होते. बर्लिनरने १८८७ साली सपाट तबकडीची कल्पना मांडली. एकदा मूळ ठसा तयार झाला, की त्यावरून हव्या तितक्या तबकड्या छापता येत. एका गायकाचा कंठ सहस्रावधी घरांत पोहोचण्याचा मार्ग असा मोकळा झाला. १८९५ साली फिलाडेल्फियात त्याची ग्रामोफोन कंपनी स्थापन झाली. पाठोपाठ १८९८ साली लंडन व हॅनोवर येथेही कंपन्या निघाल्या.

परंतु यशाबरोबर कलहही आला. विक्रीच्या हक्कांवरून खटले झाले आणि १९०० साली न्यायालयाच्या मनाईमुळे स्वतःच्याच शोधाचा अमेरिकेत व्यापार करणे त्याला अशक्य झाले. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. बर्लिनरने कॅनडातील माँट्रिऑल येथे नव्याने उद्योग मांडला. कच्च्या दुधामुळे बालके दगावतात हे जाणून दूध तापवून निर्जंतुक करण्याचा प्रचारही त्याने वर्षानुवर्षे केला. १९२९ साली तो निवर्तला.

आपला देशही त्याचा ऋणी आहे. लंडनच्या कंपनीचे ध्वनिमुद्रक १९०२ साली कलकत्त्यास आले आणि गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. पुढे बालगंधर्वांची नाट्यपदेही तबकड्यांवाटे नाट्यगृहापासून दूर असलेल्या गावांत जाऊन पोहोचली. त्या तबकड्यांना लागणारी लाखही बहुतांशी भारतातूनच जात असे.

गाणारा कंठ कालवश होतो, परंतु त्याचा स्वर मागे राहू शकतो, हे या माणसाने जगाला दाखवून दिले. हाती घेतलेले कार्य हिरावले गेले तरी पुन्हा आरंभ करण्याचे धैर्य, हीच त्याच्या चरित्राची खरी शिकवण होय.