डॉ. विल्यम क्रॉफर्ड गॉर्गस

पश्चिम इंडीज बेटांना तुफानांची भीति नित्याचीच आहे. वाऱ्याचा मारा एकदोन दिवसांत ओसरतो. परंतु मागें राहिलेलें पाणी डबक्यांत, रांजणांत, फुटक्या डब्यांत व पन्हळींत सांचतें आणि थोड्याच दिवसांत त्यांतून डांसांचे थवे उठूं लागतात. इ. स. १९६३ च्या ऑक्टोबरांत ‘फ्लोरा’ नांवाचें तुफान हैतीवर आदळलें. त्यापुढील कांहीं महिन्यांत सुमारें ७५,००० लोकांस हिंवतापानें गांठलें. अशा शत्रूशीं कसें झुंजावें, हें त्याच प्रदेशांत ज्यांनीं करून दाखविलें, त्या डॉ. गॉर्गस यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८५४ रोजीं अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत मोबील शहरानजीक झाला. वडिलांप्रमाणें सैनिक व्हावें, ही त्यांची उत्कट इच्छा; परंतु लष्करी विद्यालयांत जागा मिळाली नाहीं. तेव्हां त्यांनीं वैद्यकाचा अभ्यास केला व १८८० मध्यें ते डॉक्टर म्हणून सैन्यांत शिरले. टेक्सासमधील एका ठाण्यावर त्यांना स्वतःलाच पीतज्वर झाला. त्यांतून ते वांचले, आणि हा रोग एकदां झालेल्यास पुन्हां होत नसल्यामुळें जेथें पीतज्वर तेथें त्यांना धाडण्यांत येऊं लागलें.

१८९८ मध्यें क्यूबांतील हवाना शहराचें आरोग्यखातें त्यांच्याकडे आलें. त्यांनीं रस्ते, गटारें, उकिरडे साफ करविले. शहर लख्ख झालें, पण पीतज्वर हटेना! डॉ. कार्लोस फिनले हे १८८१ पासून डांसांवर बोट ठेवीत होते. परंतु गॉर्गस यांना तें पटलें नव्हतें. १९०० मध्यें डॉ. वॉल्टर रीड यांच्या मंडळानें प्रयोगांनीं तें सिद्ध केलें, तेव्हां गॉर्गस यांनीं जुनें मत टाकून दिलें व फेब्रुवारी १९०१ पासून नवी मोहीम हातीं घेतली. पीतज्वराचा डांस दलदलींत नव्हे, तर घरांतील स्वच्छ पाण्यांत अंडीं घालतो. म्हणून तपासनीस घरोघर फिरले. टांक्यांना झांकणें बसलीं, निरुपयोगी भांडीं पालथीं झालीं, आणि सांचलेल्या पाण्यावर घासलेट पडूं लागलें. अळी श्वासासाठीं पाण्याच्या पृष्ठभागीं येते. तेथें तेलाचा पापुद्रा असला कीं ती गुदमरून मरते. रोग्यांस जाळीच्या खोलींत ठेवून खोल्यांना धुरी देण्यांत आली. सप्टेंबर १९०१ अखेर हवानांतून पीतज्वर नाहींसा झाला.

१९०४ मध्यें ते पनामास गेले. तेथें कालवा खणतांना पूर्वीं फ्रेंचांचीं हजारों माणसें दगावलीं होतीं. त्यांच्या इस्पितळाच्या बागेंत झाडांना मुंग्या लागूं नयेत म्हणून भोंवतीं पाण्याचीं भांडीं ठेवीत, आणि त्यांतच डांस वाढत! तरीहि वरिष्ठांनीं गॉर्गस यांची थट्टा केली व सामग्री देण्यांत हात आखडला. १९०५ मध्यें सांथ भडकली, कामगार पळूं लागले, आणि त्यांनाच दूर करण्याची सूचना झाली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं मात्र त्यांची पाठ राखिली. नवे मुख्य अभियंते स्टीव्हन्स यांनीं मागितलें तें पुरविलें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पनामा शहरांतील पीतज्वराचा शेवट झाला.

हिंवताप अधिक चिवट ठरला. त्याचा वाहक डांसच आहे, हें डॉ. रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ मध्यें आपल्या सिकंदराबादेंत शोधून काढलें होतें. हा डांस डबक्यांत व पाणथळींत वाढतो; म्हणून चर खणणें, गवत कापणें, तेल शिंपडणें हें काम वर्षानुवर्षें चाललें. १९०६ मध्यें सुमारें २६,००० नोकरांपैकीं २१,००० हून अधिकांस हिंवतापानें इस्पितळ दाखविलें. १९१२ मध्यें नोकर ५०,००० वर गेले असतां ही संख्या ५,६०० च्या आसपास आली. मात्र पश्चिम इंडीजच्या कृष्णवर्णीय मजुरांस गोऱ्यांइतकीं चांगलीं घरें मिळालीं नाहींत, व मृत्यूहि त्यांच्यांतच अधिक झाले, हें लपवूं नये.

१९१४ मध्यें कालवा खुला झाला. ३ जुलै १९२० रोजीं लंडन येथें गॉर्गस निवर्तले. तत्पूर्वीं राजे पंचम जॉर्ज यांनीं इस्पितळांत येऊन त्यांचा सन्मान केला होता.

विद्यार्थिमित्रहो, तुफान थोपविणें मनुष्याच्या हातीं नाहीं. परंतु रांजणावर झांकण घालणें व आठवड्यांतून एकदां तो कोरडा करणें प्रत्येकाच्या हातीं आहे. एवढीशी गोष्ट न कंटाळतां घरोघर करवून घेतली, यांतच या पुरुषाचा मोठेपणा आहे, असें आम्हांस वाटतें.