ओहम

दिवाळी सरली, शेतातील धान घरी आले, की चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत झाडीपट्टीच्या नाटकांना बहर येतो. आसपासच्या गावांतून आलेले लोक मंडपात बसून रात्रभर नाटक पाहतात. सर्वांत मागे बसलेल्या प्रेक्षकाच्या कानीही नटाचे बोल पोहोचतात, ते ध्वनिवर्धकामुळे. या ध्वनिवर्धकाला जोडलेल्या स्पीकरच्या पाठीवर ‘८ ओहम’ किंवा ‘४ ओहम’ असे छापलेले असते. ओहम हे एका शिक्षकाचे नाव आहे.

जॉर्ज सायमन ओहम याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. त्याचे वडील कुलपे बनविण्याचा व्यवसाय करीत. ते शाळेत फारसे शिकले नव्हते. परंतु स्वतःच्या प्रयत्नाने त्यांनी गणित व विज्ञान यांचे ज्ञान मिळविले आणि तेच आपल्या मुलांना दिले. जॉर्ज दहा वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. पुढे तो विद्यापीठात गेला, पण तेथे नृत्य, बिलियर्ड्‌स आणि बर्फावरील घसरखेळ यांतच त्याचा वेळ जाऊ लागला. वडिलांना याचा संताप आला. त्यांनी त्याला विद्यापीठातून काढून स्वित्झर्लंडला पाठविले. तेथे शिक्षकाची नोकरी करता करता त्याने गणिताचा कसून अभ्यास केला आणि १८११ साली एर्लांगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

१८१७ साली त्याला कोलोन येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याचे काम मिळाले. त्या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. कोणत्या तारेतून किती विद्युत्प्रवाह वाहतो, हे कोणत्या नियमाने ठरते, असा प्रश्न ओहमने हाती घेतला. लोंबकळत्या चुंबकसूचीवर होणाऱ्या परिणामावरून तो प्रवाह मोजीत असे. १८२५ साली त्याने एक सूत्र प्रसिद्धही केले. परंतु त्या काळचे विद्युत्घट एकसारखा प्रवाह देत नसत. त्यामुळे मापे डळमळीत होत आणि सूत्रही चुकले होते. ओहमने आपल्या छापलेल्या मताचा हट्ट धरला नाही. त्याने सर्व प्रयोग नव्याने आरंभिले.

या वेळी त्याने घटांऐवजी तांबे व बिस्मथ या धातूंची जोडणी वापरली. तिचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला, की तिच्यातून स्थिर प्रवाह मिळे. सारख्याच जाडीच्या, पण २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने पाळीपाळीने जोडून पाहिल्या. तार जितकी लांब, तितका प्रवाह कमी, असे दिसले. त्यातून १८२६ साली नियम हाती आला: विजेचा दाब वाढला, की त्याच प्रमाणात प्रवाह वाढतो, रोध वाढला, की त्याच प्रमाणात प्रवाह घटतो. मात्र हा रोध केवळ बाहेरच्या तारेचा नसतो. प्रवाह पुरविणाऱ्या साधनाच्या आतही रोध असतो, हेही त्याच्या सूत्रात आले होते.

१८२७ साली हा सिद्धांत त्याने ग्रंथरूपाने मांडला. या ग्रंथाच्या बळावर विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्याची आशा होती. ती फोल ठरली. पुष्कळ विद्वानांनी ग्रंथाची उपेक्षा केली. निराश होऊन त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ शिकवणीवर काढली. १८३३ साली त्याला न्यूरेंबर्ग येथे नोकरी मिळाली. अखेर १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ले पदक दिले. मिश्र ध्वनीतील साधे सूर कान निरनिराळे कसे ओळखतो, याविषयीही त्याने १८४३ साली सिद्धांत मांडला. म्यूनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा १८५२ साल उजाडले होते. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, तो मरण पावला. १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत्‌ परिषदेने रोधाच्या मापाला ‘ओहम’ हे नाव मान्य केले.

झाडीपट्टीच्या मंडपात ओहमचा नियम रोज कामी येतो. एखाद्या क्षणी ध्वनिवर्धकाचा दाब २० व्होल्ट असेल, तर ८ ओहमच्या एका स्पीकरमधून अडीच अँपिअर प्रवाह वाहतो. तसाच दुसरा स्पीकर समांतर जोडला, की प्रवाहाला दोन वाटा मिळतात. एकूण रोध ४ ओहम होतो आणि ध्वनिवर्धकाला ५ अँपिअर प्रवाह पुरवावा लागतो. चार स्पीकर जोडले, तर १० अँपिअर! स्पीकरचा रोध सुरागणिक थोडाफार बदलतो, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे; पण त्यावरून धोका ओळखता येतो. ध्वनिवर्धकाच्या आतील भागांना ठरावीक प्रवाहच झेपतो. त्याहून अधिक मागितला, तर आवाज फाटतो, यंत्र तापते आणि प्रसंगी जळते. मग ऐन रंगात आलेले नाटक थांबते. म्हणून जाणता कारागीर आणखी एक स्पीकर जोडण्यापूर्वी त्याच्या पाठीवरील अंक पाहतो. त्या अंकापुढे ओहमचे नाव असते.