डॉ. आयन डोनल्ड

ज्यांच्या सुना-लेकींची बाळंतपणे अलीकडे झाली, त्या भगिनींना सोनोग्राफी हा शब्द नवा नाही. पोटातले बाळ असे पाहता येते, हे ज्यांनी दाखवून दिले त्या डॉ. आयन डोनल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल परगण्यात झाला. वडील डॉक्टर. पुढे कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेले व तेथेच १९२७ साली आईवडिलांचे छत्र हरपले. मायदेशी परतून त्यांनी लंडनला वैद्यकाचे शिक्षण पुरे केले. महायुद्धात विमानदलात असताना जळत्या विमानातून माणसे बाहेर काढल्याबद्दल त्यांचा सरकारी गौरव झाला. रडार व सोनार यांची ओळखही तेथलीच.

१९५४ साली ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. जवळच रेनफ्रू येथे बॉयलरचा मोठा कारखाना होता. धातूच्या आत कोठे चीर गेली आहे काय, हे तेथे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने तपाशीत. जुलै १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून डोनल्ड चक्क त्या कारखान्यात पोचले! पाणी भरलेल्या गाठीचा प्रतिध्वनी निराळा आणि भरीव गाठीचा निराळा, हे तेथे स्पष्ट दिसले. टॉम ब्राउन हा तरुण इंजिनिअर व डॉ. जॉन मॅकव्हिकर यांची साथ मिळाली. पुष्कळांना हे वेडच वाटे. पण जठराचा असाध्य कर्करोग म्हणून जिची आशा सोडली होती, अशा एका स्त्रीच्या पोटात यंत्राने अंडाशयाची गाठ दाखविली. ती काढली आणि बाई वाचली. १९५८ साली त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

मग गर्भवतींची तपासणी आली. क्ष-किरणांनी बाळाला अपाय होण्याची धास्ती असे, ती येथे नव्हती. बाळाच्या डोक्याची रुंदी मोजून वाढ नीट आहे की खुंटली, हे कळू लागले. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असली तर नुसत्या बोटाच्या तपासणीनेही रक्तस्राव उसळे. आता ती आधीच दिसू लागली. आज तर वारेची जाडीही मिलिमीटरमध्ये मोजतात. कोवळा गर्भ दिसावा म्हणून मूत्राशय भरलेले ठेवण्याची युक्तीही डोनल्ड यांचीच. तांब्याभर पाणी पिऊन दवाखान्यात ताटकळणाऱ्यांनी राग धरायचा तर त्यांच्यावर धरावा!

त्यांच्या हृदयावर अनेकदा शस्त्रक्रिया झाली, पण काम सुटले नाही. गर्भपात सुलभ करणाऱ्या १९६७ च्या ब्रिटिश कायद्याला त्यांनी उघड विरोध केला. १९ जून १९८७ रोजी ते वारले. तोवर आपल्याकडे त्यांच्याच यंत्राने पोटात मुलगी आहे काय, हे पाहून ती नाहीशी करणे सुरू झाले होते. त्याविरुद्धचा देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रात झाला. साऱ्या देशासाठीचा १९९४ साली.